दाखल्याचा खर्च कुणाच्या पदरात?

आमच्या समोरच्या वाड्यात एक मावशी राहतात. चार घरच्या पोळ्या आणि पाच-सहा डबे करतात. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हिशेब असा चोख की वाण्यालाही जमणार नाही. दुधाचे किती, गॅसचे किती, भिशीचे किती, सगळं एका लाल कव्हराच्या वहीत.

अलीकडेच मावशींनी सत्तरी ओलांडली. सत्तरीच्या पुढच्यांना आरोग्याचं कार्ड मिळतं हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा गावातल्याच केंद्रावर गेल्या. सोबत फक्त आधारकार्ड. तिथल्या मुलाने मशीनवर बोट ठेवायला लावलं, फोटो काढला आणि अर्ध्या तासात कार्ड हातात. त्या दिवशी वहीत नोंद झाली, ‘कार्ड, रिक्षा येऊन-जाऊन ४०.’

संध्याकाळी वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या. त्यांनी मागचं पान उघडलं. ते २०१८ सालचं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘सुनेचा दाखला, ३,४५०.’ मग मला म्हणाल्या, “बाई, तू पेपरात लिहितेस ना, मग सांग मला. एवढं सोपं करता येत होतं, तर तेव्हा का नाही केलं?”

प्रश्न साधा आहे. उत्तर शोधायला गेले तेव्हा कळलं, ते वाटतं तितकं साधं नाही.

लाल वहीतलं एक पान

आधी ते २०१८ चं पान. मावशींची सून तेव्हा सव्वीस वर्षांची. जिना चढली की धाप, रात्री आडवं झालं की खोकला. तपासणीत हृदयाची झडप आकसलेली निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी फुग्याने झडप उघडायची ठरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते मोफत होणार होतं. घरचं रेशनकार्ड केशरी, म्हणजे त्या वेळच्या नियमात बसणारं. सगळं जमून आलं होतं.

अडलं एका नावापाशी. लग्न झाल्यावर सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं होतं, सासरच्या कार्डावर चढलंच नव्हतं. आधारकार्डावर माहेरचं आडनाव. म्हणजे पोरगी जिवंत, नवरा-सासू सोबत उभे, पण कागदावर ती कुणाच्याच घरात नाही. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींचं असंच झालंय, आठवून बघा. लग्नात रुखवत मोजून घेतात, पण सुनेचं नाव कार्डावर चढलं का, हे कुणी विचारत नाही!

मग सुरू झाल्या फेऱ्या. माहेरगावाहून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, लग्नाचा पुरावा द्यायचा, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं, आणि मग पुरवठा विभागात अर्ज. मावशींची नोंद अशी आहे: तालुक्याला पाच फेऱ्या, एसटीचे ४५०. पाच दिवस डबे बंद, दिवसाला ३०० प्रमाणे १,५००. मुलाचा एक दिवसाचा खाडा ५०० आणि माहेरगावचं भाडं ३४०. झेरॉक्स आणि फोटो ६०. प्रतिज्ञापत्राचा कागद १००. लिहून देणाऱ्याला ५००. एकूण ३,४५०.

दिवस गेले तेवीस. त्या तेवीस रात्री सून भिंतीला उशी लावून बसून झोपली. पुढे उपचार झाले, आज ती धडधाकट आहे, लेकीला शाळेत सोडायला जाते. म्हणून ही गोष्ट मी निवांतपणे सांगू शकते.

सरकारी हिशेबात या उपचाराचा रुग्णाला खर्च शून्य. मावशींच्या वहीत ३,४५० आणि तेवीस रात्री. दोन्ही हिशेब खरेच. फरक इतकाच की पहिला छापला जातो आणि दुसरा पदराच्या गाठीत राहतो.

दारावरचा प्रश्न

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. हे कागद मुळात मागायचे कशाला?

ही योजना सुरू झाली २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने. आधी आठ जिल्ह्यांत, मग नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. पण कुणाला? पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्यांना, म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असलेल्यांना. पुढे मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांतले पांढरं कार्ड असलेले शेतकरीही घेतले गेले.

पैसा मोजका आणि माणसं भरपूर, म्हणून दारावर एक प्रश्न ठेवला. तुम्ही गरीब आहात का? असाल तर दाखवा. प्रश्न गैर नव्हता. बंगलेवाल्याने गरिबाचं ताट ओढू नये, एवढाच त्याचा हेतू. पण उत्तर शोधायला जावं लागतं ते आजारी माणसाच्या घरच्यांना. घरचे म्हणजे कोण? कमावत्या पुरुषाचा खाडा परवडत नाही, म्हणून रांगेत बहुतेक वेळा बाईच उभी असते. तिचा वेळ फुकट, असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

आणि ज्याच्यासाठी हा प्रश्न, तो बंगलेवाला कागद जमवण्यात अडत नाही. त्याच्या ओळखी असतात, गाडी असते. अडतात त्या नाव न चढलेल्या सुना, टाकलेल्या बायका, विधवा झाल्यावर माहेरी परतलेल्या लेकी. गाळायचं होतं कुणाला आणि गळलं कोण!

प्रश्न काढला, मग बिल कुणी भरलं?

हळूहळू सरकारलाही हे उमगलं असावं. करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, राज्याने ही योजना काही काळ पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली केली. मग २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना आणि अधिवास प्रमाणपत्र असलेल्यांना ती लागू करायचं ठरलं. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची अडीचवरून साडेचार लाखांवर. उपचारांची संख्या १,३५६ झाली. या नव्या रूपात योजना १ जुलै २०२४ पासून सुरू झाली. कार्ड पिवळं की पांढरं, हा प्रश्नच उरला नाही.

केंद्राच्या योजनेतही तसंच घडलं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झाली तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीत नाव असेल तरच लाभ. ती यादी जुनी. मधल्या काळात लग्न होऊन आलेल्या सुना तिच्यात कुठून असणार? त्यांना घरच्यांशी नातं दाखवूनच आत यावं लागे. मग २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्न न विचारता वय वंदना कार्ड देणं सुरू झालं. मावशींना मिळालं ते हेच.

आता नीट लक्ष द्या, कारण मुद्दा इथेच आहे. सत्तरीवरच्यांना ‘उत्पन्न किती’ हा एक प्रश्न विचारायचा नाही, असं केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवलं, तेव्हा त्यासाठी सुरुवातीची तरतूद केली ३,४३७ कोटी रुपयांची. सुमारे सहा कोटी वृद्धांसाठी. एक प्रश्न कमी, त्याचं हे बिल!

म्हणजे कागद कमी केला की खर्च संपत नाही. तो मावशींच्या वहीतून निघून सरकारच्या वहीत जातो. जास्त माणसं दारातून आत येतात. त्यांच्या उपचाराचे पैसे रुग्णालयांना द्यावे लागतात. खाटा तेवढ्याच असल्या तर रांग लांबते. पैसे वेळेवर गेले नाहीत तर रुग्णालयं कुरकुरतात आणि ‘या उपचाराला सध्या जागा नाही’ असं ऐकावं लागतं. तेव्हा ‘फुकट केलं’ म्हणून टाळ्या वाजवताना त्यामागची तरतूद पुरेशी आहे का, हेही विचारायला हवं. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पाहुणे वाढले की कणीक जास्त मळावी लागते, नुसतं ‘या, बसा’ म्हणून भागत नाही.

सातासमुद्रापलीकडेही हेच

हे आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे, १९६५ पासूनची. तिथे ठरावीक काळाने पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. करोनाच्या काळात कुणाचंही नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. ती सवलत ३१ मार्च २०२३ ला संपली आणि फेरतपासणी सुरू झाली. पुढच्या साधारण दीड वर्षात अडीच कोटींहून जास्त लोकांची नावं गेली. त्यातल्या दहापैकी सुमारे सात जणांची नावं गेली ती उत्पन्न वाढलं म्हणून नव्हे, तर फॉर्म पोचला नाही, पत्ता बदलला होता, कागद वेळेत आला नाही असल्या कारणांनी.

त्याआधी २०१८ मध्ये आर्कान्सा नावाच्या राज्याने दर महिन्याला कामाचे तास कळवायची अट घातली. काही महिन्यांतच सुमारे १८ हजार लोकांचं संरक्षण गेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

तिथले अर्थतज्ज्ञ एक गोष्ट उघडपणे मांडतात. फॉर्म सोपा केला की सरकारचा खर्च वाढतो, कारण पात्र असूनही कंटाळून बाहेर राहिलेले लोक आत येतात. म्हणजे फॉर्म अवघड ठेवून जो पैसा ‘वाचतो’, तो हक्काच्या माणसाला न मिळालेला पैसा असतो. हे वाचलं आणि मला मावशींचे ते तेवीस दिवस आठवले. सून कंटाळून घरी बसली असती, तर तीही कुणाच्या तरी हिशेबात बचत म्हणूनच धरली गेली असती.

मग सगळेच कागद फाडायचे का?

नाही. आणि हे एका बाईनेच दुसरीला सांगायला हवं.

आयुष्मान भारतच्या आधी केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, २००८ पासून. तीस रुपये भरून स्मार्टकार्ड, त्यावर कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंत उपचार. कार्ड दाखवा, उपचार घ्या. फार सोपं. पण २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमधून धक्कादायक बातम्या आल्या. काही खासगी रुग्णालयांनी कार्डावरचे पैसे मिळवायला गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढली. यातल्या अनेकजणी तरुण होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

बीडच्या ऊसतोड बायकांचं दुःख आपल्याला ठाऊक आहेच. तिथे बहुतेकींनी पदरचे, उचलीचे पैसे घातले होते, त्यामुळे ते प्रकरण वेगळं. पण धडा एकच. शस्त्रक्रिया खरंच हवी का, हे तिसऱ्या कुणीतरी तपासलं पाहिजे. महाराष्ट्राच्या योजनेत उपचाराआधी तपासण्यांचे अहवाल पाठवून पूर्वमंजुरी घ्यावी लागते. आपण तिलाही ‘कागदपत्रांची कटकट’ म्हणतो. पण तो कागद रुग्णालयाला लागतो, आणि तो आपल्या शरीराची राखण करतो.

दुसरी गोष्ट नोंदींची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. त्यात आढळलं की सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर आहे, नुसते दहा वेळा नऊ. सरकारने खुलासा केला की मोबाईल नंबरवरून पात्रता ठरत नाही. खरं आहे, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना अडवायचं नव्हतं. हेतू चांगलाच. पण त्याच अहवालात हेही होतं की आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले. दारावरचा प्रश्न काढून टाकला, तर आतला हिशेब दुप्पट काळजीने ठेवावा लागतो. त्यासाठी माणसं लागतात, त्यांचा पगार लागतो. कागद कमी करण्याची ही दुसरी किंमत, आणि ती टाळली की मेलेल्यांच्या नावाने बिलं निघतात.

मला या सगळ्याचा अर्थ असा लागला. कागद दोन जातींचे असतात. एक दारावरचा: तू कोण, कुणाची, किती कमावतेस? दुसरा आतला: उपचार खरा होता का, गरजेचा होता का, पैसे कुठे गेले? पहिला आजारी माणसाकडून मागितला जातो, दुसरा रुग्णालयाकडून आणि सरकारकडून. पहिला जितका कमी करता येईल तितका करावा आणि त्याचे पैसे सगळ्यांच्या करातून भरावेत. दुसरा मात्र कमी होता कामा नये. अनेकदा उलटंच दिसतं. बाईला पाच फेऱ्या आणि दहा वेळा नऊ लिहिणाऱ्याला मोकळीक.

अजूनही एक दार आहेच

आता सगळं सोपं झालं, असंही नाही. कार्डाचा रंग गेला, पण कार्ड लागतंच आणि त्यावर आपलं नाव लागतं. कार्डाला ऑनलाइन बारा अंकी क्रमांक हवा. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळायला हवं. म्हणजे मावशींच्या सुनेचं जिथे अडलं, तिथे आजही एखादीचं अडू शकतं. जुन्या स्मार्टकार्डाच्या योजनेत एका कुटुंबातल्या पाचच जणांना जागा होती. सहा-सात माणसांच्या घरात एखादं नाव बाहेर राहणारच, आणि ते लेकीचं किंवा म्हातारीचं असण्याचीच भीती जास्त. आयुष्मान भारतमध्ये ती मर्यादा काढली, हे फार चांगलं झालं. पण कार्डावर चढायचं राहिलेलं नाव योजना चढवत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून सगळ्या धडधाकट असतानाच, येत्या आठवड्यात एवढं करा:

घरचं रेशनकार्ड काढून प्रत्येक नाव वाचा. सून, नातवंड, परत आलेली लेक, सगळ्यांची नावं आहेत का? लग्न ठरलं की नाव कमी केल्याचा दाखला माहेरूनच सोबत द्या. पोळपाट-लाटण्याइतकाच तो गरजेचा आहे.

बारा अंकी क्रमांक मिळाला आहे का, दुकानदाराला किंवा पुरवठा विभागाला विचारा. आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळवून घ्या.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांचं वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

रुग्णालयात गेलात की आधी आरोग्यमित्राला शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असायला हवा. तातडीची वेळ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. हे ठामपणे सांगा. माहितीसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत.

आणि कुणी गर्भाशय काढायला सांगितलं, तर मोफत आहे म्हणून लगेच हो म्हणू नका. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मावशींना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग वही मिटत म्हणाल्या, “म्हणजे तेव्हा सरकारचे वाचले ते माझे गेले. आता माझे वाचले ते सरकारचे गेले. बरोबर?”

मी म्हटलं, बरोबर.

“मग आता त्यांनीही वही ठेवावी म्हणावं,” त्या उठत म्हणाल्या. “माझ्यासारखी. रोजच्या रोज.”